मसूर स्टेशन ते दीक्षाभूमी: मधुमेह आणि इन्सुलिन सोबत घेऊन बाबासाहेबांनी केलेला प्रवास

सांगलीहून रेल्वेने साताऱ्याकडे निघालं, की कराड सोडल्यावर मसूर नावाचं छोटंसं स्टेशन लागतं. खिडकीतल्या प्रवाशाचं तिकडे फारसं लक्षही जात नाही. पण १९०१ साली याच स्टेशनवर काही लहान मुलं संध्याकाळी उतरली होती. अंगात नवे कपडे, डोक्यावर टोप्या, सोबत भरपूर खाऊ. त्यातला एक मुलगा नऊ-दहा वर्षांचा होता. त्याचं नाव भीमराव रामजी आंबेडकर.

त्या रात्री त्या मुलांना जेवता आलं नाही. जेवण नव्हतं म्हणून नाही, तर जेवणावर प्यायला पाणी कुणी दिलं नाही म्हणून.

पुढे हाच मुलगा देशाच्या संविधानाचा शिल्पकार झाला. आयुष्यभर प्रवास करत राहिला. शेवटच्या काही वर्षांत त्या प्रवासात एक नवीन ओझं आलं, ते म्हणजे मधुमेह आणि इन्सुलिन. आज आपण मे महिन्याच्या उन्हात एसटीने सांगली-सातारा करताना पर्समध्ये इन्सुलिनचं पेन टाकून निघतो. तेव्हा घराघरात फ्रीज नव्हते आणि सुईसुद्धा दर वेळी उकळावी लागायची.

बाबासाहेबांचं शिक्षण, सत्याग्रह, संविधान आणि धम्मदीक्षा यांबद्दल आपण खूप वाचलेलं असतं. पण हे सगळं करणारं शरीर किती थकलेलं होतं आणि ते घेऊन त्यांनी किती प्रवास केला, ही गोष्ट तशी कमीच सांगितली जाते.

साताऱ्यातलं बालपण

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूचा. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. त्यांच्या निवृत्तीनंतर कुटुंब आधी दापोलीला आणि मग साताऱ्याला आलं. साताऱ्यातच आई भीमाबाईंचं निधन झालं. तेव्हा भीमराव जेमतेम पाच वर्षांचे होते. मुलांना आत्या मीराबाईंनी सांभाळलं.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात त्यांचं नाव दाखल झालं. हीच शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. त्या प्रवेशाची आठवण म्हणून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो.

वडील तेव्हा खटाव तालुक्यातल्या गोरेगावात खजिनदाराची नोकरी करत होते. दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून सरकारने तिथे तलाव खोदायचं काम काढलं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांनी आपल्याकडे यावं, असं वडिलांनी कळवलं. भीमराव, मोठा भाऊ आणि बहिणीची मुलं अशी मंडळी निघाली. साताऱ्यापासून दहा मैलांवरच्या स्टेशनपर्यंत टांगा आणि तिथून मसूरपर्यंत रेल्वे. मुलं येतायत हे कळवणारं पत्र वडिलांपर्यंत पोचलंच नव्हतं. त्यामुळे मसूरला त्यांना घ्यायला कुणी आलं नाही.

स्टेशनमास्तरने आधी आपुलकीने चौकशी केली. मुलं महार आहेत हे कळल्यावर तो मागे सरला. गाडीवान भाडं घ्यायला तयार होईनात. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर तयार झाला, पण त्याची अट अशी, की बैलगाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूने चालणार.

वाटेत मुलांनी जेवणाचा डबा उघडला. जवळ जे पाणी होतं, ते चिखलाचं आणि गुरांच्या शेणमुताने घाण झालेलं. रात्री उशिरा जकात नाका आला. तिथे तरी पाणी मिळेल म्हणून भीमरावांनी गाडीवानाच्या सल्ल्याने आपण मुसलमान असल्याचं सांगून उर्दूत पाणी मागितलं. तरीही मिळालं नाही. डब्यात अन्न असून मुलं उपाशी आणि तहानलेली झोपली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आसपास ती गोरेगावला पोचली.

बाबासाहेबांनी पुढे आपल्या आठवणींमध्ये हा प्रसंग सविस्तर लिहून ठेवला. आपल्या आयुष्यावर या प्रवासाचा खोल ठसा उमटला, असं त्यांनी नोंदवलंय.

इन्सुलिन आलं, तेव्हा बाबासाहेब लंडनमध्ये होते

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईला गेलं. एल्फिन्स्टन हायस्कूल, एल्फिन्स्टन कॉलेज, १९१३ मध्ये न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ, मग लंडन. पैसे संपल्यामुळे मध्येच परत यावं लागलं आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले.

त्याच काळात कॅनडातल्या टोरोंटोत एक मोठी गोष्ट घडत होती. फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी १९२१ मध्ये स्वादुपिंडातून इन्सुलिन वेगळं काढलं. जेम्स कॉलिप यांनी ते माणसाला देता येईल इतकं शुद्ध केलं. हे सगळं काम जॉन मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत झालं. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. १९२३ चं नोबेल बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना मिळालं. त्याच वर्षी बाबासाहेबांना लंडनची डी.एस्सी. मिळाली.

याआधी मधुमेहावर कडक पथ्य सोडलं तर हातात काहीच नव्हतं. ज्या मुलांच्या शरीरात इन्सुलिन बनतच नाही, ती काही महिन्यांत किंवा फार तर एक-दोन वर्षांत दगावायची. महाराष्ट्राला याचं मोठं उदाहरण माहीत आहे. लोकमान्य टिळकांना मधुमेह होता आणि मंडालेच्या तुरुंगात त्यांनी तो पथ्यावर सांभाळला. टिळक १९२० साली गेले, म्हणजे इन्सुलिनच्या जेमतेम दोन वर्षं आधी.

बाबासाहेबांना हे औषध पुढे पंचवीसेक वर्षांनी लागणार होतं.

पाणी आणि टांगा यांनी पाठ सोडली नाही

परदेशातल्या पदव्या घेऊन परतले, तरी प्रवासातला अनुभव बदलला नाही.

२० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायला हजारो माणसं त्यांच्यामागे चालली. मसूरच्या वाटेवर जे मुलाला मिळालं नव्हतं, ते त्यांनी सगळ्यांच्या हक्काचं म्हणून मागितलं.

१९२९ मध्ये ते अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून खानदेशात गेले होते. चाळीसगावला टांगेवाल्याने त्यांना न्यायला नकार दिला. मग वस्तीतल्या एकानेच टांगा हाकायला घेतला. त्याला सवय नव्हती. टांगा उलटला, बाबासाहेब दगडावर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. कितीतरी दिवस ते अंथरुणाला खिळून होते.

१९३४ मध्ये दौलताबादचा किल्ला पाहायला गेले असताना तिथल्या टाक्यातल्या पाण्याने हातपाय धुतले, म्हणून गोंधळ झाला.

मधुमेह अजून त्यांच्या आयुष्यात यायचा होता. पण प्रवासात पाणी, वाहन आणि थांबायची जागा या गोष्टी सगळ्यांना सारख्या मिळत नाहीत, हे त्यांना कधीच कळून चुकलं होतं. पुढे आजारपण आलं, तेव्हा याच गोष्टींची गरज दुप्पट झाली.

संविधानाचा मसुदा आणि इन्सुलिनची सुई

२९ ऑगस्ट १९४७ ला मसुदा समिती नेमली गेली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. २१ फेब्रुवारी १९४८ ला मसुदा राजेंद्र प्रसादांकडे सुपूर्द झाला. मधले सहा महिने म्हणजे अखंड काम.

याच काळात त्यांची तब्येत ढासळली. झोप लागत नव्हती. पायांमध्ये मज्जातंतूंच्या भयंकर वेदना व्हायच्या. साखर अनेक वर्षं वाढलेली राहिली की हातापायांच्या नसांना इजा होते, आग होते, मुंग्या येतात आणि रात्री त्रास वाढतो. बाबासाहेब तेव्हा इन्सुलिन घेत होते, जोडीला होमिओपॅथीची औषधंही चालू होती.

५ नोव्हेंबर १९४८ ला टी. टी. कृष्णमाचारी यांनी संविधान सभेत एक गोष्ट मोकळेपणाने मांडली. समितीत सात जण नेमले होते. त्यातल्या एकाने राजीनामा दिला, एकाचं निधन झालं, एक अमेरिकेत होते, एक संस्थानांच्या कामात अडकले होते, एक-दोघे दिल्लीपासून लांब होते आणि बहुधा प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत. त्यामुळे मसुद्याचा भार शेवटी डॉ. आंबेडकरांवर पडला.

इथे थांबून विचार करण्यासारखं आहे. प्रकृती हे कारण बाबासाहेबांकडेही होतं. तरी काम त्यांच्याच टेबलावर राहिलं.

उपचारांसाठी ते मुंबईला यायचे. मुंबईतच त्यांची डॉ. शारदा कबीर यांच्याशी ओळख झाली. ग्रँट मेडिकल कॉलेजमधून शिकलेल्या त्या एमबीबीएस डॉक्टर होत्या. जेवणखाण पाहील आणि वैद्यकीय ज्ञानही असेल, असं कुणीतरी घरात कायम सोबत हवं, असा डॉक्टरांचा सल्ला होता. १५ एप्रिल १९४८ ला दिल्लीतल्या घरी दोघांचा विवाह झाला. शारदाबाई सविता झाल्या आणि पुढे सगळ्यांच्या माईसाहेब.

इन्सुलिन, पथ्य, औषधांच्या वेळा, रक्तदाब हे सगळं माईंनी हातात घेतलं. रात्र रात्र वाचन आणि लेखन करणाऱ्या माणसाला वेळेवर जेवायला बसवणं हे त्यातलं सर्वात अवघड काम असणार, हे घरात मधुमेही माणूस असलेल्या कुणालाही सांगायची गरज नाही.

तेव्हाचं इन्सुलिन कसं असायचं?

आज पेनचं बटण दाबलं की काम झालं. १९४८ ला तसं नव्हतं.

इन्सुलिन तेव्हा गाई-बैलांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलं जायचं. माणसासारखं इन्सुलिन प्रयोगशाळेत बनवून बाजारात यायला १९८२ साल उजाडलं. औषध काचेच्या छोट्या बाटलीत यायचं. सिरिंज काचेची आणि सुई धातूची. ती एकदा वापरून टाकायची नसायची, तर उकळून पुन्हा वापरायची. सुई बोथट झाली की धार लावून घ्यायची. घरी बोटातून थेंब काढून साखर मोजायची सोय नव्हती. लघवीत रसायन घालून ती तापवायची आणि रंग कसा बदलतो त्यावरून अंदाज बांधायचा.

आणि सगळ्यात मोठा प्रश्न थंडाव्याचा.

इन्सुलिन हे प्रथिन आहे. अंड्याचा पांढरा भाग तापवला की घट्ट होतो आणि मग काहीही केलं तरी परत पातळ होत नाही. प्रथिनांचा घाट असा उष्णतेने कायमचा बिघडतो. इन्सुलिन गरम झालं की त्याची ताकद हळूहळू कमी होते. गोठलं तरी तेच. एकदा बर्फ झालेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं, तरी त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

भारतात तयार झालेला पहिला फ्रीज गोदरेजने आणला १९५८ साली. म्हणजे बाबासाहेबांच्या निधनानंतर दोन वर्षांनी. त्याआधी परदेशी फ्रीज मोजक्या श्रीमंत घरांत आणि दवाखान्यांत असायचे. बाकीच्यांसाठी बर्फाच्या कारखान्यातून लादी आणायची, ती भुशात आणि गोणपाटात गुंडाळायची. प्रवासात थर्मास नाहीतर माठाच्या गारव्याचा आधार.

म्हणजे त्या काळात इन्सुलिन घेणाऱ्या माणसाने दौरा काढायचा, तर इतकं सगळं जुळवावं लागायचं. पोचल्यावर सुई उकळायला स्वच्छ पाणी हवं. औषध ठेवायला गार जागा हवी. इंजेक्शननंतर ठरलेल्या वेळी जेवण हवं. आणि या तिन्ही गोष्टी देणारी, दारात उभं करणारी माणसं हवीत. मसूरच्या रात्री यातलं काहीही नव्हतं.

तब्येत सांगते थांबा, कामं म्हणतात चला

२५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी संविधान सभेत समारोपाचं भाषण केलं आणि दुसऱ्या दिवशी संविधान स्वीकारलं गेलं. इथे कुणीही विश्रांती घेतली असती.

१९५० च्या मे महिन्यात ते श्रीलंकेला गेले. कँडीला बौद्धांची जागतिक परिषद होती. १९५१ मध्ये हिंदू कोड बिलासाठी त्यांची धडपड चालू होती. १० ऑगस्ट १९५१ ला त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिलं. आपल्या तब्येतीची आपल्याला आणि डॉक्टरांना काळजी वाटते, त्यामुळे स्वतःला डॉक्टरांच्या हवाली करण्याआधी हे बिल मार्गी लागावं, असा त्याचा आशय होता. बिल पुढे सरकलं नाही. २७ सप्टेंबरला त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

१९५२ च्या निवडणुकीत मुंबईत पराभव झाला. त्याच वर्षी ५ जूनला कोलंबिया विद्यापीठाने न्यूयॉर्कमध्ये त्यांना मानद पदवी दिली. तो विमानप्रवासही त्यांनी केला.

१९५४ हे वर्ष तर दमवणारंच होतं. भंडाऱ्याची पोटनिवडणूक ऐन उन्हाळ्यात लढवली आणि हरले. जून ते ऑक्टोबर अंथरुणाला खिळले. नजर मंदावली होती, औषधांचे त्रासही होत होते. पण त्या एका वर्षात ते ब्रह्मदेशात दोनदा जाऊन आले. डिसेंबरमधली रंगूनची परिषद आटोपून २५ डिसेंबरला पुण्याजवळ देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली.

याला कुणी जिद्द म्हणेल, कुणी शरीराकडे केलेलं दुर्लक्ष म्हणेल. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. मधुमेह माणसाला एका दिवसात पाडत नाही. तो डोळे, पाय, मूत्रपिंड आणि हृदय यांचा हिशोब शांतपणे लिहीत राहतो. जागरण, दगदग, वेळी-अवेळी जेवण याची नोंद त्यात होतच असते.

नागपूर, काठमांडू आणि शेवटची रात्र

११ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेब विमानाने दिल्लीहून नागपूरला उतरले. सोबत माईसाहेब आणि सचिव नानकचंद रत्तू. मुक्काम सीताबर्डीच्या श्याम हॉटेलात.

१४ ऑक्टोबरला महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून बाबासाहेब आणि माईंनी धम्मदीक्षा घेतली. समोर लाखो लोक. व्यासपीठावर उभं राहताना त्यांना हातात काठी आणि रत्तूंच्या खांद्याचा आधार लागत होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी दीर्घ भाषण केलं. १६ ऑक्टोबरला चंद्रपूरला जाऊन तिथेही दीक्षा दिली.

त्या दिवशी नागपूरला गावोगावहून लोक आले होते. कुणी रेल्वेने, कुणी चालत, भाकरी बांधून. मसूरच्या वाटेवर तहानलेला राहिलेला मुलगा आता अशा माणसांमध्ये उभा होता, जी त्याच्यासाठी पाण्याची घागर घेऊन धावली असती.

महिन्याभरात ते काठमांडूला गेले. नोव्हेंबरच्या मध्यावर तिथे बौद्ध परिषद होती. तिथे त्यांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर मांडणी केली. परतीच्या वाटेवर बनारस, सारनाथ आणि कुशीनगर करून नोव्हेंबरअखेर दिल्लीत आले.

५ डिसेंबरच्या रात्री अलीपूर रोडवरच्या २६ क्रमांकाच्या घरात ते आपल्या बुद्धावरच्या ग्रंथाच्या प्रास्ताविकाचं काम पाहत होते. ६ डिसेंबर १९५६ च्या सकाळी ते झोपेतच गेल्याचं लक्षात आलं. वय ६५. शेवटचा प्रवासही विमानाचाच होता, दिल्ली ते मुंबई. ७ डिसेंबरला दादरला लाखोंच्या उपस्थितीत अंत्यसंस्कार झाले. तो ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला.

आज सांगली-सातारा करताना इन्सुलिन कसं न्यायचं?

बाबासाहेबांच्या वेळी नसलेल्या बऱ्याच सोयी आज आहेत. तरीही दर उन्हाळ्यात कितीतरी घरांत इन्सुलिन चालूच आहे, तरी साखर का वाढली, हा प्रश्न पडतो. पुष्कळदा उत्तर प्रवासात तापलेल्या बाटलीत असतं. म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

न उघडलेलं इन्सुलिन फ्रीजमध्ये २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायचं. फ्रीजरमध्ये नाही, आणि फ्रीजरला चिकटूनही नाही. वापरायला काढलेली बाटली किंवा पेन साधारण २५ ते ३० अंशांपर्यंत सुमारे चार आठवडे चालतं. नेमकी मुदत प्रत्येक प्रकाराची वेगळी असते. ती खोक्यातल्या कागदावर लिहिलेली असते किंवा डॉक्टरांना विचारता येते. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर पेनाने लिहून ठेवली की गोंधळ होत नाही.

एप्रिल-मे मध्ये सांगलीचा पारा ४० च्या आसपास जातो. अशा उन्हात बंद उभ्या असलेल्या कारचं आतलं तापमान ५० च्या पुढे जाऊ शकतं. त्यामुळे डॅशबोर्ड, कारची डिकी, दुचाकीच्या सीटखालचा कप्पा आणि एसटीत इंजिनजवळची जागा इन्सुलिनसाठी बाद. औषध कायम अंगाजवळच्या पिशवीत हवं. जेवायला धाब्यावर उतरलात, तर पिशवीही उतरवायची.

थर्मास किंवा बर्फाचा डबा नेणार असाल, तर बाटली थेट बर्फावर ठेवू नका. आधी कापडात गुंडाळा, मग छोट्या डब्यात घाला आणि तो डबा बर्फाच्या पाण्यात बुडणार नाही असा ठेवा. बर्फाला टेकून गोठलेलं इन्सुलिन उन्हात तापलेल्याइतकंच निकामी असतं.

बाजारात पाण्यात भिजवून वापरायचे कापडी पाऊच मिळतात. ते माठाच्याच तत्त्वावर चालतात. पाणी वाफ होऊन उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. म्हणून त्याला हवा लागली पाहिजे. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला तर उपयोग शून्य. माण-खटाव किंवा जत-आटपाडीच्या कोरड्या हवेत हा उपाय चांगला चालतो. पावसाळ्यात महाबळेश्वरला किंवा कोकणात हवा दमट असते, तिथे फारसा चालत नाही. पण तिथे मुळात उष्माच कमी असला, तर गरजही तितकी नसते. मुक्कामाच्या गावी फ्रीज नसेल, तर ओल्या वाळूवर ठेवलेलं मातीचं भांडं, वर ओलं फडकं आणि सावलीतला कोपरा, हा जुना उपाय आजही कामी येतो. बाटली मात्र कोरड्या डब्यातच असायला हवी.

विमानाने जाणार असाल, तर इन्सुलिन सोबतच्या बॅगेत ठेवा. खाली जाणाऱ्या सामानात ते गोठू शकतं किंवा सामानच दुसरीकडे जाऊ शकतं. डॉक्टरांची चिठ्ठी जवळ असू द्या. लागतं त्यापेक्षा थोडं जास्त औषध घ्या आणि ते दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवा. पेनला सुई लावून ठेवू नका.

गावाला गेल्यावर घाईत सिरिंज घेताना एक चूक सर्रास होते. भारतात बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा एका मिलीला ४० युनिट असतं आणि पेनमधलं १००. ४० च्या सिरिंजचं टोपण लाल आणि १०० च्या सिरिंजचं नारंगी असतं. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळला पाहिजे, नाहीतर डोस अडीच पट कमी-जास्त होऊ शकतो.

नेहमी पाण्यासारखं स्वच्छ दिसणारं इन्सुलिन गढूळ दिसलं, रंग बदलला, त्यात कण किंवा गुठळ्या दिसल्या, तर ते टोचू नका. काही प्रकार मुळातच दुधाळ असतात. ते हलक्या हाताने फिरवून एकसारखे झाले पाहिजेत. पण बिघडलेलं इन्सुलिन दर वेळी वेगळं दिसेलच असं नाही. प्रवासानंतर साखर विनाकारण वाढत राहिली, तर नवीन बाटली काढून डॉक्टरांशी बोलणं योग्य. स्वतःहून इन्सुलिन बंद करणं किंवा डोस वाढवणं, दोन्ही धोक्याचं.

आणि शेवटचं. जेवणाआधीचं इन्सुलिन जेवण वेळेत मिळणार याची खात्री झाल्यावरच घ्यायचं. खंबाटकी घाटात गाडी अडकली आणि इंजेक्शन आधीच घेतलेलं असलं, तर साखर झपाट्याने उतरू शकते. हात थरथरणं, घाम, अंधारी, बोलण्यात गोंधळ अशी लक्षणं दिसली, की लगेच तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता सरळ दवाखाना गाठायचा. म्हणून खिशात साखरेची पुडी आणि जवळ पाण्याची बाटली हवीच.

मसूरच्या वाटेवर आज

पुणे-मिरज मार्गावर मसूर स्टेशन आजही आहे. तिथून जाणाऱ्या गाडीत एखाद्या डब्यात कुणी आजी पिशवीतला ओला पाऊच चाचपत असते, कुणी शाळकरी मुलगी सगळ्यांसमोर सुई काढायला लाजत असते, कुणी डबा खाण्याआधी टॉयलेटच्या घाणेरड्या जागेत उभं राहून इंजेक्शन घेत असतं.

त्यांच्याकडे इन्सुलिन असतं, पाऊच असतो, चिठ्ठी असते. उरलेलं काम शेजाऱ्याच्या हातात असतं. थोडं सरकून बसायला जागा देणं, हॉटेलवाल्याने विनाप्रश्न फ्रीजचा एक कप्पा मोकळा करणं, गाडी लांबली तर कंडक्टरने दोन मिनिटं थांबणं, आणि कुणी पाणी मागितलं तर तो कोण, कुठला हे न विचारता बाटली पुढे करणं.

१९०१ च्या त्या रात्री एवढंच घडायला हवं होतं.